मातींतून गादीवर



इंग्लंडांत रग्बी नांवाचा एक दांडगा खेळ आहे. खेळाडूंच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी कीं नाहीं, या वादांतून 1895 सालीं त्याच्या दोन शाखा झाल्या. पुढें एकींत तेरा गडी राहिले, दुसरींत पंधरा. तेरांच्या शाखेंत जो गेला, त्यास पंधरांच्या शाखेचें दार 1995 पर्यंत बहुधा बंदच असे. चेंडू तसाच, परंतु कायदा निराळा! आपल्याकडे असें कायद्याचें अंतर ओलांडणारा थोर खेळाडू कोण, असें कोणीं विचारल्यास मी खाशाबा जाधवांचें नांव घेईन.

खाशाबांचा जन्म 15 जानेवारी 1926 रोजीं कराडजवळील गोळेश्वर येथें झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल असल्यामुळें कुस्तीचे पहिले धडे घरींच मिळाले. ही कुस्ती मातीची. आमच्या मावळांत गांवजत्रेला होते तीच. तींत पाठ जमिनीस लागली कीं निकाल निर्विवाद. गादीवर मात्र घड्याळ आणि पंच यांचेंही राज्य चालतें. मातींत पाऊल रुततें, गादीवर तो आधार नाहीं. प्रतिस्पर्ध्याचा पोशाख धरणेंही तेथें निषिद्ध.

1948 सालीं कोल्हापूरच्या महाराजांच्या साह्यानें खाशाबा लंडनच्या ऑलिंपिकला गेले. गादीची संवय नसतांही 52 किलोंच्या गटांत त्यांनीं सहावा क्रमांक मिळविला. आपलें बळ कमी नाहीं, अपुरा आहे तो सराव, हें त्यांनीं ओळखलें.

1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठीं पैसा नव्हता. तेव्हां राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. तेथें 57 किलोंच्या गटांत जपानच्या इशीशीं खाशाबांची दीर्घ झुंज झाली. हा इशीही मूळचा ज्यूदोपटू. युद्धोत्तर जपानांत ज्यूदोवर बंदी आल्यावर तो कुस्तीकडे वळलेला. त्या झुंजीनंतर पुरेशी विश्रांति न मिळतां खाशाबांस सोव्हिएत मल्लापुढें उभें राहावें लागलें. नियम दाखवून हक्क मागावयास भारतीय अधिकारी जवळ नव्हता, असें सांगितलें जातें. तरीही कांस्यपदक मिळालें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरें येण्यास 1996 साल उजाडावें लागलें!

परत आल्यावर कोल्हापुरांत कुस्त्या लढून त्यांनीं प्राचार्यांचें ऋण फेडलें. गादीवर कीर्ति मिळाली, पण जुना आखाडा परका झाला नाहीं. 1955 सालीं ते पोलिसखात्यांत शिरले. 1984 सालीं अपघातांत त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

1961 पासून चालत आलेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेंत आज माती व गादी असे दोन विभाग असतात आणि त्यांचे विजेते किताबासाठीं झुंजतात. म्हणून माझी एक विनंति आहे. लोणावळ्यापासून वडगांवपर्यंत जेथें जेथें जत्रेची वर्गणी आपण देतां, तेथें तिचा थोडा भाग तालमीच्या गादीसाठीं राखावयास सांगा. माती मोडूं नका; तिच्याशेजारीं गादी अंथरा. आमच्या मुलांस बळ उपजत आहे. दुसरा कायदा शिकण्याची संधि तेवढी त्यांस वेळेवर मिळाली पाहिजे.