मंदीच्या बाजारातील एक तेजी



मंदी आली म्हणजे व्यापारी पहिली कात्री कोणत्या खर्चाला लावतो, असे एखाद्या जुन्या पेढीवरील मुनिमास विचारले, तर तो जमाखर्चाच्या वहीतून डोके वर न काढता सांगेल, "जाहिरातीच्या." त्याचे म्हणणे खरे आहे. जागेचे भाडे थकवता येत नाही, पगार द्यावाच लागतो, कच्चा माल घेतल्यावाचून कारखाना चालत नाही. परंतु वर्तमानपत्रातील आपली चौकट या महिन्यात आली नाही, म्हणून कोणी दाराशी येऊन तगादा लावीत नाही. १५ सप्टेंबर २००८ रोजी न्यूयॉर्कची लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडाली आणि जगभरच्या बाजारावर अवकळा पसरली, तेव्हा सर्वत्र हेच घडले. वर्तमानपत्रे बारीक झाली. अमेरिकेत डेन्व्हरचे 'रॉकी माउंटन न्यूज' हे पत्र, जे दीडशे वर्षे पुरी करण्याच्या बेतात होते, ते २७ फेब्रुवारी २००९ रोजी शेवटचा अंक काढून बंद पडले.

आणि तरीही त्याच वर्षी जाहिरातीचा एक प्रकार वाढत होता. तो म्हणजे मोबाइल फोनवरील जाहिरात. ओढा आटत असताना त्यातील एकच झरा का वाढावा, हा प्रश्न आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो. आज त्याचीच चर्चा करावयाची आहे.

उदाहरण आम्ही जपानचे घेणार आहोत. अमेरिकेचे का नाही, असे कोणी विचारील. ॲपलचा आयफोन बाजारात आला तो जून २००७ मध्ये, आणि आपल्याकडील पुष्कळांची अशी समजूत आहे की फोनवर जग पाहण्याची कला त्या दिवशी जन्मास आली. वस्तुतः जपानमधील डोकोमो कंपनीने 'आय-मोड' ही सेवा सुरू केली ती २२ फेब्रुवारी १९९९ रोजी. तळहाताएवढ्या यंत्रावर पत्र पाठवावे, बातमी वाचावी, आगगाडीचे वेळापत्रक पाहावे, गाणे विकत घ्यावे, आणि त्याचे पैसे फोनच्या बिलात चुकते करावेत, ही सोय तेथील शाळकरी मुलींनासुद्धा अंगवळणी पडली होती. जाहिरातवाल्यांच्या नजरेतून हे सुटणे शक्यच नव्हते. डेन्त्सु ही जपानमधील सर्वांत मोठी जाहिरातसंस्था. तिने आणि डोकोमोने मिळून २००० सालीच फोनवरील जाहिरातींसाठी एक स्वतंत्र कंपनी काढली.

परंतु प्रारंभी एक मोठी अडचण होती. आपणांपैकी जे वडीलधारे आहेत त्यांना बेअरिंग पत्र आठवत असेल. पाठविणारा तिकीट लावीत नसे आणि दंडासह पैसे भरावे लागत ते घेणाऱ्याला. आय-मोडवर तसाच प्रकार होता. जेवढा मजकूर फोनवर उतरेल तेवढ्याचा आकार ग्राहकावर पडे. म्हणजे जाहिरात व्यापाऱ्याची आणि हमाली गिऱ्हाइकाची! २००१-०२ च्या सुमारास तेथे अवांच्छित पत्रांचा एवढा सुळसुळाट झाला, आणि लोकांना नको असलेल्या मजकुराचे एवढे पैसे भरावे लागले, की २००२ साली सरकारला त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला.

ही कोंडी फोडली ती कायद्याने नव्हे, दराने. केडीडीआय कंपनीने नोव्हेंबर २००३ मध्ये आणि डोकोमोने जून २००४ मध्ये महिन्याचा एकच ठरावीक आकार लावला. मग कितीही पाहा. या एका गोष्टीने माणसाची वृत्ती बदलली. मीटर चालू असलेल्या टॅक्सीत बसलेला मनुष्य रस्त्याकडे न बघता मीटरकडे बघतो. तोच मासिक पास काढून लोकलमध्ये बसला की खिडकीबाहेरच्या पाट्या वाचू लागतो. ठरावीक दर झाल्यावर जपानी माणूस फोनमध्ये रिकामपणी डोकावू लागला. रिकामपणी डोकावणारा डोळा हे तर जाहिरातीचे खरे भांडवल.

त्यात एका चिन्हाची भर पडली. मोटारींच्या सुट्या भागांच्या खोक्यांवर लावावयास म्हणून डेन्सो या कारखान्यात १९९४ साली काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन शोधून काढण्यात आला. २००२ पासून तो चौकोन वाचू शकणारे फोन जपानात मिळू लागले. मग भिंतीवरचे पत्रक, मासिकाचे पान, डब्यात टांगलेला फलक, ज्याच्यावर तो चौकोन असेल त्यासमोर फोन धरावा, की दुकानाचे दार उघडले. कागदावरची जाहिरात आणि फोनवरचे दुकान यांची गाठ अशी पडली. डेन्सोने या शोधाच्या हक्काचे पैसे कोणाकडून मागितले नाहीत. हेही ध्यानात ठेवावे, कारण हा चौकोन पुढे आपल्या गावापर्यंत येणार आहे.

आता मंदीकडे येऊ. २००९ साली जपानचे राष्ट्रीय उत्पन्न पाच टक्क्यांहून अधिक घसरले. टोयोटा कंपनीला सत्तर वर्षांत प्रथमच धंद्यात तोटा आला. डेन्त्सु दरसाल देशातील जाहिरातखर्चाची मोजदाद प्रसिद्ध करते. तीप्रमाणे २००८ साली एकंदर जाहिरातखर्च ६,६९२ अब्ज येन होता, तो २००९ मध्ये ५,९२२ अब्जांवर आला. म्हणजे साडेअकरा टक्के घट. वर्तमानपत्रांतील जाहिराती तर १८ टक्क्यांहून अधिक घसरून ६७४ अब्जांवर आल्या, आणि इंटरनेटवरील ७०७ अब्जांवर पोचल्या. इंटरनेटने जपानी वर्तमानपत्रांना मागे टाकले ते याच वर्षी. या इंटरनेटच्या रकमेतच मोबाइलची रक्कम मोडते. ती २००७ साली ६२ अब्ज, २००८ साली ९१ अब्ज आणि २००९ साली १०३ अब्ज येन होती. एकंदर साडेअकरा टक्के घट आणि मोबाइलची जवळजवळ तेरा टक्के वाढ, ही एकाच देशाची, एकाच वर्षातील स्थिती.

मंदीमुळेच ही वाढ झाली, असे कोणी यावरून म्हणू लागेल तर आम्ही त्याला थांबवू. आदल्या वर्षी वाढ ४७ टक्के होती. ती तेरावर आली. म्हणजे मंदीचा फटका मोबाइललाही बसलाच. परंतु इतर आडवे पडले असताना हा नुसता धापा टाकीत का होईना, पण चालत राहिला. कशाच्या बळावर, हे पाहिले पाहिजे.

एक कारण व्यापाऱ्याच्या बाजूचे आहे. जाहिरातीवर घातलेल्या पैशांतील निम्मे फुकट जातात आणि कोणते निम्मे ते कळत नाही, हे व्यापारी जगाचे फार जुने गाऱ्हाणे. सुबत्तेत हे गाऱ्हाणे हसण्यावारी नेले जाते. मंदीत मात्र मालक विचारतो, "या शंभर रुपयांनी किती गिऱ्हाईक आणले ते दाखवा." वर्तमानपत्राचा जाहिरातव्यवस्थापक फार तर खपाचा आकडा दाखवतो. फोनवरील जाहिरातवाला दाखवतो की अमुक लोकांनी पाहिली, त्यांतील अमुक लोकांनी दाबली, आणि अमुक लोकांनी माल घेतला. शिवाय पैसे दाबल्यावर द्या, नाही तर माल खपल्यावर द्या, अशी सवलतही देतो. घाबरलेल्या माणसाला मोजमाप फार प्रिय असते.

दुसरे कारण गिऱ्हाइकाच्या बाजूचे, आणि आमच्या मते तेच अधिक गंभीर आहे. हलाखीत माणूस मोटार विकतो, मासिक बंद करतो, बाहेरचे जेवण सोडतो. पण फोन सोडत नाही. सोडू शकत नाही. जपानात त्या काळी मजूर पुरविणाऱ्या संस्थांचा धंदा जोरात होता. उद्या कोणत्या गोदामावर जायचे हे त्या संस्था मजुराला फोनवरील पत्राने कळवीत. २००७ साली सरकारने केलेल्या पाहणीत सुमारे ५,४०० माणसे घर नसल्यामुळे रात्र इंटरनेटच्या उपाहारगृहांत काढीत असल्याचे आढळले. या माणसांना पत्ता नव्हता. फोनचा क्रमांक हाच त्यांचा पत्ता. मंदी आली तशी कारखान्यांनी अशा कंत्राटी कामगारांना प्रथम काढले, आणि कामाबरोबर कंपनीच्या वसतिगृहातील त्यांची खोलीही गेली. ३१ डिसेंबर २००८ पासून ५ जानेवारी २००९ पर्यंत, म्हणजे ऐन नववर्षाच्या सणात, टोकियोच्या हिबिया बागेत अशा लोकांसाठी तंबू ठोकून अन्नछत्र चालविण्यात आले. सुमारे पाचशे माणसे तेथे आश्रयाला आली. सरकारी मंत्रालये तेथून हाकेच्या अंतरावर होती. राहावयास खोली नसलेल्या माणसाच्याही खिशात फोन असू शकतो, ही त्या काळाची एक खूण आहे. आणि जेथे माणसाचे लक्ष शेवटपर्यंत टिकून राहते, तेथे जाहिरात शेवटपर्यंत जाते. यात जाहिरातवाल्यांचे काही कपट होते असे आम्ही म्हणत नाही. पाणी उताराकडे जाते तसा पैसा लक्षाकडे गेला.

फुकट खेळांचाही या गर्दीत मोठा वाटा होता. २००६ साली 'मोबागे-टाउन' नावाचे एक ठिकाण निघाले. तेथे फोनवर खेळ फुकट खेळावयास मिळत आणि खर्च जाहिरातीतून निघे. पुढे नुसत्या जाहिरातीवर भागेना, तेव्हा अशा ठिकाणी खेळातील चीजवस्तू विकण्याचा धंदा सुरू झाला. त्यातील एका सोडतीच्या प्रकाराने मुलांनी आईबापांची बिले एवढी फुगवली की २०१२ साली सरकारने तो प्रकार बेकायदा ठरविला. फुकटचा पाहुणचार केव्हा ना केव्हा वसूल होतो, हे आपल्याकडे म्हाताऱ्यांना सांगावे लागत नाही.

जपानी सरकारची एक गोष्ट मात्र आम्हांस प्रशंसनीय वाटते. पूर्वीच्या कायद्याचा अर्थ असा होता की जाहिरातीचे पत्र पाठवावे, आणि नको असेल त्याने तसे कळवावे. १ डिसेंबर २००८ पासून हा न्याय उलटा केला गेला; ज्याने आधी होकार दिला असेल त्यालाच पत्र पाठवावे. तारीख पाहा. लेहमन बुडून अडीच महिने झाले होते, व्यापारी हवालदिल होते, आणि "आता निर्बंध नकोत" असे म्हणावयास ती वेळ सोईची होती. तरीही कायदा अंमलात आला, आणि त्यापुढच्या वर्षी मोबाइल जाहिरात वाढलीच. होकार मागितल्याने धंदा बुडतो, असे जे म्हणतात, त्यांनी या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात.

होकार मिळविण्याची युक्तीही व्यापाऱ्यांनी लवकर शोधली. जपानच्या मॅकडोनल्ड्सने डोकोमोशी भागीदारी करून २००८ पासून फोनवर सवलतीची कूपने देण्यास प्रारंभ केला. दुकानात फोन यंत्रासमोर धरावा की सवलत मिळाली. मंदीत दहावीस येन वाचले तर कोणाला नको? परंतु त्याच क्षणी कोणी, केव्हा, काय खाल्ले याची नोंद झाली, आणि पुढे प्रत्येकास त्याच्या सवयीप्रमाणे निराळे कूपन जाऊ लागले. आपल्या वाण्याकडेही उधारीची वही असते आणि आपण काय नेतो ते त्याला ठाऊक असते. फरक एवढाच की त्याची वही आपण मागून पाहू शकतो आणि ती त्याच्या गल्ल्यावरून हलत नाही.

आता थोडे आपल्याकडे. मंदीच्या त्याच नोव्हेंबरात डोकोमोने टाटा टेलिसर्व्हिसेसमध्ये २६ टक्के हिस्सा घेण्याचे ठरविले, आणि २००९ च्या जूनमध्ये 'टाटा डोकोमो' ही सेवा सेकंदाला एक पैसा या दराने सुरू झाली. पाहता पाहता इतर कंपन्यांनाही सेकंदाचा हिशेब मान्य करावा लागला. मार्च २००९ अखेर आपल्या देशात सुमारे ३९ कोटी मोबाइल जोडण्या होत्या. वर्षभरात त्या ५८ कोटींवर गेल्या. देशाची वाढ मंदावली असताना हे झाले. डोकोमोची ती भागीदारी पुढे वादात सापडून मोडली, तो कज्जा निराळा.

येथे येणारा फोन २००३ पासून फुकट झाला होता, त्यामुळे बेअरिंग पत्राची अडचण आपल्याला आलीच नाही. उलट आपल्या लोकांनी मिस्ड कॉल नावाचे एक अस्सल देशी तंत्र काढले. हिंदुस्थान युनिलिव्हरने २०१३ साली बिहारमध्ये 'कान खजूरा टेसन' सुरू केले ते याच्याच आधाराने. गावकऱ्याने एका क्रमांकावर घंटी देऊन फोन ठेवावयाचा. मग तिकडून फोन येई आणि पंधरा मिनिटे गाणी, विनोद व मध्येमध्ये साबणाच्या जाहिराती ऐकू येत. जेथे वीज नाही तेथे दूरदर्शन नाही, पण फोन आहे, हे ओळखणाऱ्याच्या व्यवहारबुद्धीला आम्ही दाद देतो. आणि तो जपानी चौकोन तर आता मंडईत कोथिंबिरीच्या जुडीशेजारी उभा आहे.

होकाराच्या बाबतीत मात्र आपला न्याय बराच काळ उलटा राहिला. आपल्याकडे २००७ साली "मला फोन करू नका" अशी नोंदवही निघाली. म्हणजे ज्याला त्रास होतो त्यानेच अर्ज करावा. २०११ च्या सप्टेंबरात नियम कडक झाले, २०१८ साली पुन्हा नवे आले. आपण १९०९ या क्रमांकावर नोंद केली तर जाहिरातीचे फोन आणि लघुसंदेश पुष्कळ कमी होतात, आणि ज्यांनी ती केली नसेल त्यांनी उद्या सकाळी जरूर करावी. परंतु ती नोंद फोनला आणि संदेशाला आहे. जे ॲप आपण स्वहस्ते उतरवून घेतले, आणि ज्याच्या अटींची पाने न वाचताच 'मान्य' हे बटण दाबले, त्याच्या आतील जाहिराती त्या नोंदवहीच्या कक्षेत येत नाहीत. तेथे आपला होकार कागदोपत्री झालेलाच असतो.

अध्यक्षमहाराजांची अनुज्ञा असेल, तर आता श्रोत्यांचे प्रश्न घेऊ.