मधल्या बोटावर उभा घोडा
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



आम्ही सरकारी बांधकाम खात्यातली डिप्लोमावाली माणसं. भार कुठून येतो आणि जमिनीत कसा उतरतो, हा आमचा रोजचा विषय. आज घोड्याच्या पायाकडे त्याच नजरेने पाहू या.

बडोद्याच्या मराठी माणसाला घोडा परका नाही. पिलाजीराव गायकवाडांनी सोनगडाहून गुजरातेत जम बसवला, तो घोडदळाच्या बळावर. पण त्या घोड्याचा पाय घडायला पाच कोटींहून अधिक वर्षे लागली आहेत.

आपण ज्याला घोड्याचा पुढचा गुडघा म्हणतो, ते खरं तर त्याचं मनगट. त्याखालचं लांब नळीचं हाड म्हणजे तळहातातलं मधलं हाड. खूर म्हणजे मधल्या बोटाचं नख. मागच्या पायाचा जो सांधा उलटा वळलेला दिसतो, तो घोटा. म्हणजे घोडा चार पायांच्या चार बोटांवर उभा असतो.

पूर्वी असं नव्हतं. १८७६ साली अमेरिकेत मार्श या शास्त्रज्ञांनी एका चिमुकल्या घोड्याला ‘इओहिप्पस’, म्हणजे ‘पहाटेचा घोडा’, असं नाव दिलं. तो जेमतेम कोल्ह्याएवढा. त्याच्या पुढच्या पायांना चार आणि मागच्या पायांना तीन बोटं होती. कोपरापासून मनगटापर्यंतची दोन हाडंही वेगवेगळी होती. आपलीही तशीच आहेत, म्हणून तर कुलपात किल्ली फिरवता येते. आजच्या घोड्यात ती दोन्ही जुळून एक झाली आहेत. त्याला हात फिरवता येत नाही, पण धावताना पाय लचकतही नाही.

मधल्या काळातला ‘मेसोहिप्पस’ तीन बोटांचा. पुढे ‘मेरिचिप्पस’मध्ये बाजूची बोटं आखडली आणि भार मधल्या बोटावर आला. आजच्या घोड्याच्या नळीच्या हाडाला दोन्ही बाजूंना दोन बारीक हाडं चिकटलेली असतात. ती त्या गेलेल्या बोटांची खूण. मात्र ही सरळ शिडी समजू नका, हे फांद्यांचं झाड आहे. तीन बोटांचे ‘हिपॅरियन’ घोडे आपल्या शिवालिक टेकड्यांतही होते.

बोटं कमी करून मिळालं काय? पायाचा खालचा भाग हलका झाला. स्नायू वर, मांडीखांद्याजवळ राहिले; खाली फक्त हाडं आणि दोऱ्यांसारखे कंडरे. हलकं टोक झपाट्याने पुढे टाकता येतं, आणि ताणलेला कंडरा स्प्रिंगसारखा उसळी देतो. पण आमच्या धंद्यात म्हणतात तसं, एका खांबावर सगळी मदार म्हणजे राखीव आधार नाही. नळीचं हाड मोडलं की घोड्याला वाचवणं अवघड होतं, ते यामुळेच.

आता आपल्या राज्याकडे या. सुरत जिल्ह्यातल्या वस्तान इथल्या लिग्नाइटच्या खाणीत सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या एका लहान प्राण्याची हाडं सापडली. २००५ साली त्याला ‘कॅम्बेथेरियम’ हे नाव मिळालं, खंबायतच्या आखातावरून. हा घोडा नव्हे. पण घोडा, गेंडा आणि टॅपिर या कुळाचा अगदी जवळचा भाऊबंद. २०१४ साली भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी मिळून त्याची हाडं तपासली आणि या कुळाचा उगम भारतातच झाला असावा, असं मत मांडलं. सोनगडापासून वस्तान फार लांब नाही, हे लक्षात घ्या.

मंडळी, ही हाडं मिळाली ती कोळशासाठी जमीन खोदली म्हणून. खोदकाम आम्हीही करतो. आपल्यातले कित्येक जण ठेकेदारीत आहेत, खाणीत आहेत. यंत्राच्या एका फटक्यात घोट्याचं बोटभर हाड भुगा होतं, आणि प्राणी कसा चालत होता याचा तोच पुरावा असतो. म्हणून विनंती एवढीच. दगडात हाड किंवा दात दिसला, तर ते उपटू नका आणि घरी नेऊ नका. काम थोडं थांबवा, जागेवरच फोटो काढा, आणि आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळवा.

मिरवणुकीत घोडा दिसला, तर मुलांना त्याचं मनगट कुठे आहे, ते विचारा.

गणपती बाप्पा मोरया!