नळी बाहेरून ठीक दिसते तेव्हा
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



गणपतीच्या मांडवात गाडीच्या ब्रेकवर कसले भाषण, असे काहींना वाटले असेल. पण याच दिवसांत आपल्यातली निम्मी घरे गाडी बाहेर काढतात. कोणी आंबोली उतरून सावंतवाडीला जाते, कोणी चोर्ल्यातून गोव्याला, कोणी तवंदी घाट उतरून निपाणीला. बाहेर पाऊस, गाडीत म्हातारी माणसे आणि पोरेबाळे. म्हणून हाच विषय घेतला.

काही वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी चार दिवस मी निपाणीहून परत आलो. दारात गाडी लावली तर जळका वास. उजव्या बाजूचे पुढचे चाक इतके तापले होते की हात जवळ नेववेना. येताना गाडीही उजवीकडे ओढत होती. डिप्लोमाला हायड्रॉलिक्स शिकलेला माणूस मी. रविवारी चाक काढले, कॅलिपर साफ केला, पिनांना ग्रीस लावले. चाक हाताने फिरले. घरी सांगितले, गाडी तयार आहे. दुसऱ्या दिवशी बाजारापर्यंत गेलो आणि चाक पुन्हा जाम.

मग कॅलिपरचे निपल जरा सैल केले. तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक सुटले. मला वाटले, एअर होती, गेली. तेवढ्यात आमच्या गल्लीतले एक जुने मिस्त्री येऊन उभे राहिले. आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणतो. म्हणाले, "बाळा, एअर असती तर पाय खाली गेला असता. चाक कशाला धरलं असतं? नळी बाहेरनं बघालास, आतनं बघ की."

त्यांनी दाखवलेली रीत साधी आहे. चाक उचलून ब्रेक चार-पाच वेळा दाबायचा आणि पाय काढायचा. चाक अडकले की निपल सैल करायचे. चाक सुटले तर आत दाब कोंडला आहे, हे नक्की. पुन्हा निपल आवळून, ब्रेक दाबून चाक अडकवायचे. या वेळी लोखंडी पाइप जिथे रबरी नळीला मिळतो, तिथला नट सैल करायचा. तिथे दाब सुटूनही चाक अडकलेलेच राहिले, तर दोष पुढे म्हणजे रबरी नळीत. तिथे सुटले, तर दोष मागे, मास्टर सिलिंडरकडे. आमचे चाक सुटले नाही.

नळी काढली. बाहेरून एक चीरही नव्हती. मी म्हटले, आत तार घालून साफ करू. मामांनी काही न बोलता चाकूने ती उभी चिरली. आतले रबर फुगले होते आणि त्याचा एक पापुद्रा सुटून एकाच बाजूला उघडणाऱ्या दारासारखा झाला होता. पायाच्या जोराने तेल पुढे जायचे. पाय काढल्यावर परत यायला तेवढा जोर नसतो, म्हणून दार बंद. मी तार घातली असती किंवा हवा मारली असती, तर चाक एक दिवस चालले असते आणि आंबोलीच्या उतारावर पुन्हा धरले असते. कचरा साफ करता येतो. फाटलेले रबर साफ करून बरे होत नाही, नळी बदलावीच लागते.

मामांनी विचारले, "मागं पॅड कोणी बदलले?" मीच बदलले होते. तेव्हा कॅलिपर तारेने वर बांधण्याऐवजी नळीवरच लोंबकळत ठेवला होता. शिवाय बारा वर्षांत ब्रेक ऑइल एकदाही बदलले नव्हते. म्हणजे बिघाड कुठून आला नव्हता, मीच केला होता. ही गोष्ट मी घरी दोन दिवस सांगितली नाही. आज सर्वांसमोर सांगतो, कारण तुमच्यातही घरी पॅड बदलणारे आहेत.

ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते आणि आपल्याकडे पावसाळा कसा असतो हे सांगायला नको. डॉट ३ प्रकारचे कोरे तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यावर ती मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ मध्ये हेच आकडे २३० आणि १५५. लांब घाटात सारखा ब्रेक दाबला की तेल तापते, त्यात वाफ होते आणि पाय नुसताच खाली जातो. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी तेल बदलावे. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी.

घरी काम करणाऱ्यांनी काही पथ्ये पाळावीत. नुसत्या जॅकवर विसंबू नये, खाली स्टँड द्यावा आणि बाकीच्या चाकांना दगड लावावेत. ब्रेकचे भाग पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलने धुऊ नयेत. रबर फुगते आणि सगळी सील जातात. उघडी राहिलेली ब्रेक ऑइलची बाटली पुढच्या वर्षी वापरू नये. ते तेल रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे. नळी बदलताना जोडीने बदलावी, कारण दुसऱ्या बाजूचीही तेवढीच जुनी असते. तांब्याचे वॉशर नवे घालावेत. ज्या गाडीला एबीएस आहे, तिची एअर काढणे वर्कशॉपवर सोपवलेले बरे.

हायड्रॉलिक्स बेळगावला नवे नाही. मच्छेचे पॉलिहायड्रॉन पंप आणि व्हॉल्व्ह बनवते, उद्यमबागेत घरोघरचे लोक कामाला आहेत. ज्ञान आपल्या गल्लीतच असते, विचारायला मात्र कमीपणा वाटतो. मला वाटला होता.

दोन्ही नळ्या बदलल्या. सौभाग्यवती पेडलवर बसल्या. मी खालून "दाबा", "धरा", "सोडा" म्हणत एअर काढली. काम झाल्यावर त्यांनी विचारले, "आता नक्की?" मी म्हटले, "मामांना विचारतो." मामांनी गाडी गल्लीत हळू फिरवून, दोनदा ब्रेक मारून, चाकाला हात लावून पाहिला आणि मान डोलावली. मगच आम्ही आंबोली उतरलो.

तुम्हीही गाडी काढण्याआधी एक फेरी मारून या, चारही चाकांजवळ हात नेऊन बघा. एखादे जास्त तापले असेल, तर त्या दिवशी गाडी दारातच राहू द्या. पाहुणे थांबतील, बाप्पाही थांबेल.

गणपती बाप्पा मोरया!