वणवा : ठिणगी माणसाची, पसारा हवेचा



मराठीत वणवा ‘लागतो’. तो कोणी लावला, हे त्या क्रियापदातून कळत नाही. भारतातील बहुतेक वणवे मात्र माणसाच्याच हातून सुरू होतात. मध्य भारताच्या रानांत मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात. तेंदूला कोवळी पाने फुटावीत म्हणूनही आग लावतात. कोठे बांधावरची आग रानात शिरते, तर कोठे फेकलेली विडी पुरेशी होते. पिढ्यानुपिढ्या हे चालत आले आहे. तरीही एका वर्षी तीच आग बुंध्याशी विझते आणि दुसऱ्या वर्षी डोंगर ओलांडून जाते. या फरकाचे कारण ठिणगीत सापडत नाही, ते हवेत शोधावे लागते.

प्रथम ओलाव्याचा विचार करावा. पान असो वा लाकूड, तापल्यावर त्यातील पाणी वाफ होऊन जाते आणि मगच ते पेट घेते. जितका ओलावा अधिक, तितकी उष्णता त्या कामी खर्च होते. वाळलेली गवताची काडी भोवतालच्या हवेतील आर्द्रतेशी सुमारे तासाभरात जुळवून घेते. बोटाएवढ्या काटकीला दहा-बारा तास लागतात, तर जाड ओंडक्याला महिना-दीड महिना. म्हणून सकाळी पडलेली सर पाचोळा कडक उन्हात दुपारपर्यंत विसरून जातो. ओंडका मात्र सरलेल्या हिवाळ्याची आठवण धरून असतो. तो आतपर्यंत सुकलेला असेल, तर वरवर विझलेली आग त्याच्या पोटात धुमसत राहते आणि वारा सुटताच पुन्हा बाहेर पडते.

उत्तराखंडातील २०१६ सालचे वणवे या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत. हिमालयाच्या उतारांवर हिवाळी पाऊस व बर्फ पश्चिमी झंझावातांमुळे मिळतात. त्या हिवाळ्यात ते फारच कमी पडले. वसंतात चीड वृक्षाच्या राळयुक्त सुया गळून जमिनीवर त्यांचा थर साचतो. पहाडी लोक त्याला ‘पिरूल’ म्हणतात. एप्रिलअखेर परिस्थिती अशी झाली, की वायुसेनेच्या हेलिकॉप्टरांना भीमतालातून पाणी उचलून डोंगरांवर टाकावे लागले. मेच्या आरंभी पाऊस आला आणि मोठा दिलासा त्यानेच दिला. हेलिकॉप्टरांची छायाचित्रे सर्वत्र छापून आली. त्या पावसाची फारशी कोणी छापली नसावीत.

वाऱ्याचे काम दुहेरी असते. तो ज्वाळेला प्राणवायू पुरवतोच, शिवाय तिला पुढच्या गवतावर वाकवतो, त्यामुळे ते पेटण्याआधीच तापून कोरडे होते. चढही हेच करतो. चढाचा कोन दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा वनरक्षणातील एक जुना ठोकताळा आहे. त्यात दिवसा तापलेल्या डोंगरांवरून वारा दरीतून वर वाहतो. दुपारी आर्द्रता सर्वांत कमी असते आणि नेमक्या त्याच वेळी वारा व चढ एका दिशेने जोर लावतात. तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरावर ११ मार्च २०१८ रोजी गिर्यारोहकांचा एक गट वाळलेल्या गवताच्या तीव्र उतारावर अशाच आगीत सापडला. वीसहून अधिक जणांचे प्राण गेले. रात्री वारा उलटतो, दव पडते आणि आग मंदावते. हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपणारे अनुभवी वनरक्षक म्हणूनच रात्रीची व पहाटेची वेळ साधतात.

चांगला पाऊस झाला म्हणजे वणव्याची चिंता मिटली, हा समजही तपासून घ्यावा. भरपूर पावसाळ्यानंतर गवत पुरुषभर वाढते, घाणेरीची झुडपे माजतात आणि पुढच्या उन्हाळ्यात तेच सर्व जळण होते. कर्नाटकातील बंदीपूर राष्ट्रीय उद्यानात फेब्रुवारी २०१९ मध्ये चार हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्र जळाले, त्यात वाळलेल्या घाणेरीचा वाटा मोठा होता.

खरी अडचण पंचांगाची आहे. अनेक राज्यांत वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरला जातो. जाळरेषा त्याआधी तयार करायच्या, हंगामी अग्निरक्षक त्याच मुदतीसाठी नेमायचे. हवा मात्र ही मुदत पाळत नाही. नागालँड-मणिपूर सीमेवरील झुको खोऱ्यातील बुटका बांबू डिसेंबर २०२०च्या अखेरीस पेटला आणि जानेवारीतही जळत राहिला. दुसरे टोक अधिक वेदनादायक आहे. १३ जून २०२४ रोजी, म्हणजे हंगाम संपण्यास दोन दिवस उरले असता, अल्मोडा जिल्ह्यातील बिनसर अभयारण्यात आग विझवायला निघालेले वनकर्मचारी ज्वाळांत वेढले गेले. चौघे जागीच मरण पावले. पावसाळा अद्याप डोंगरात पोहोचला नव्हता.

भारतीय वन सर्वेक्षण ही देहरादून येथील संस्था उपग्रहांना दिसलेल्या आगींच्या सूचना नोंदणी केलेल्या मोबाइलवर पाठवते. हे मोठेच काम आहे, परंतु उपग्रहाला दिसते ती पेटलेली आग. पेटण्याआधीचा धोका मोजण्यासाठी कॅनडात विकसित झालेली पद्धत अनेक देशांनी घेतली. तिला मध्यान्हीच्या चारच नोंदी लागतात : तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि चोवीस तासांतील पाऊस. त्यांवरून पाचोळा, त्याखालचा कुजका थर आणि खोलवरचा थर किती सुकला, याचा दररोज हिशेब होतो. कोरडा व ओला असे दोन तापमापक, पर्जन्यमापक आणि वाटीचे वायुवेगमापक एवढी साधने त्यास पुरतात. दरी आणि माथा यांच्या हवेत मोठा फरक असतो, त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणची एक नोंद संपूर्ण डोंगराला लागू पडत नाही. डोंगरातल्या गावोगावच्या शाळांना मात्र अंगण असते, आणि दुपारी बारा वाजता ती मुलांनी भरलेली असतात.