औंध ते कोटितीर्थ : एका दिवसाची कलायात्रा

साताऱ्याहून कोल्हापूरचा हमरस्ता सरळ आहे. मोटारीने दोन-अडीच तासांत माणूस पोहोचतो. परंतु हा सरळपणा सोडून पहाटे रहिमतपुराच्या वाटेने औंधास जावे आणि तेथून पुसेसावळी, कराड करीत कोल्हापूर गाठावे, म्हणजे पावणेदोनशे किलोमीटरांच्या आत व एकाच दिवसात तीन कलासंग्रहालये पाहून होतात. सोमवार मात्र टाळावा. त्या दिवशी सरकारी संग्रहालये बंद असतात, आणि इतक्या लांब जाऊन कुलपाचे दर्शन घेण्यात काही पुण्य नाही.

एका दिवसात तीन, हे ऐकून जाणत्यांच्या कपाळास आठी पडेल. चित्र पाहावयास सवड हवी, ही धावपळ कसली, असे ते विचारतील. आक्षेप खोटा नाही. तिसऱ्या दालनात पाय ठेवीपर्यंत पहिल्या दालनातील चित्रे मनातून पुसट होऊ लागतात, हा अनुभव सर्वांचाच आहे. म्हणून प्रत्येक ठिकाणी दोन-तीन वस्तूंपाशीच ठिय्या द्यावा व उरलेल्यांना चालता चालता नमस्कार करावा. शाळेच्या सहलीत पोरांना रांगेने सारे काही दाखविण्याचा जो सोस असतो, तो तर अवश्य टाकावा. पण श्रोतेहो, ही तीन स्थळे एका दिवसात पाहिली असता एक गोष्ट ध्यानात येते, जी निरनिराळ्या वेळी पाहून येत नाही : चित्रकार आणि धनी दोघेही गेल्यावर चित्राचे काय होते?

औंध हे एक लहानसे संस्थान. तेथील अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांचे नाव महाराष्ट्रास सूर्यनमस्कारांमुळे ठाऊक आहे. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तीही त्यांच्याच प्रेरणेने व द्रव्यसाहाय्याने. ते स्वतः चित्रे काढीत. रामायणावरील त्यांची चित्रमाला प्रसिद्धच आहे. अशा पुरुषाने चित्रे जमविली यात नवल नाही. नवल आहे ते त्यांनी ती ठेविली कोठे, यात. १९३८ साली त्यांनी श्रीभवानी संग्रहालय उभारिले, ते यमाई देवीच्या डोंगरावर जाणाऱ्या वाटेवर. परिणाम असा की देवीस नवस फेडावयास निघालेला शेतकरी, खांद्यावर पोर घेऊन, वाटेत रविवर्म्याच्या चित्रासमोर उभा राहू शकतो. राजवाड्याच्या दिवाणखान्यात हीच चित्रे लागली असती, तर ती पाहावयास त्याला कोणी आत घेतले असते काय?

येथे रविवर्म्याच्या सैरंध्रीपाशी थांबावे. राणीच्या आज्ञेने, मनाविरुद्ध, कीचकाच्या मंदिराकडे धाडली गेलेली द्रौपदी हा त्या चित्राचा विषय. मराठी माणसास त्याची कथा सांगावी लागत नाही. दुसरी वस्तू याच्या अगदी उलट : हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची ‘आई व मूल’ ही लहानशी मूर्ती. रेखीव नाक-डोळे शोधणाऱ्याची येथे निराशा होते. परंतु बगलेपाशी ओढून घेतलेल्या मुलाचा भार पाहणाऱ्याच्या हातास जाणवतो. सैरंध्री आवडणाऱ्या धन्याने ही मूर्तीही आपल्या छपराखाली आणावी, यावरून त्याच्या रसिकतेचा पल्ला दिसतो. १९४८ साली संस्थान विलीन झाले. गादी गेली, संग्रह मात्र डोंगराच्या वाटेवर राहिला.

कऱ्हाडास कृष्णा-कोयनेच्या संगमावर शिदोरी सोडावी. तेथून पुढचा रस्ता रुंद व वेगाचा आहे. त्याविषयी अधिक बोलण्यासारखे काही नाही.

कोल्हापूरचे जुने संग्रहालय टाऊन हॉलच्या इमारतीत आहे. मेजर मँट यांच्या आराखड्यानुसार १८७६ साली ही इमारत पुरी झाली. तिची टोकदार शिखरे बागेच्या झाडीतून डोकावतात. येथे मोठ्या वस्तूंकडे न धावता एक वीतभर काशाची मूर्ती पाहावी. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीत मिळालेली ही मूर्ती ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन जगाशी चाललेल्या व्यापाराबरोबर हा देव घाट चढून आला आणि पुढे शतकानुशतके मातीखाली राहिला. मातीनेच त्याला सांभाळिले.

सर्वच कृतींना असे भाग्य लाभत नाही. कोल्हापूरच्या चित्रकलेचा मूळ पुरुष आबालाल रहिमान. मुंबईच्या कलाशाळेत शिकून तो परत आला, आणि रंकाळा, कोटितीर्थ, पाण्यावरचा उजेड, झाडांची सावली यांतच त्याने आयुष्य घातले. शाहू महाराजांचा त्याला आश्रय होता. १९२२ साली महाराज निवर्तले, तेव्हा त्या दुःखात आबालालने आपली असंख्य चित्रे कोटितीर्थाच्या तळ्यात बुडविली, असे सांगितले जाते. १९३१ साली तोही गेला. आज त्याची जी चित्रे दृष्टीस पडतात, ती उरलेली आहेत, एवढे मनात ठेवून पाहावीत.

याच नगरीत बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी १९२० साली ‘सैरंध्री’ नावाचाच मूकपट पडद्यावर आणिला. सकाळी औंधास पाहिलेलीच ही कथा. फरक इतकाच की येथे द्रौपदी हलत होती. त्या काळी लोकांनी तो गर्दी करून पाहिला. आज तो पाहावयास मिळत नाही. भिंतीवरची सैरंध्री आहे, चालती-फिरती सैरंध्री गेली.

तिसरे स्थळ राजारामपुरीत, व ते राजाचेही नव्हे, उत्खननाचेही नव्हे. नट आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे (१९१३–२००१) यांचे हे राहते घर. चित्रपटांत शिवाजी महाराजांची भूमिका करणारा हा उमदा पुरुष घरी बसून निसर्गचित्रे काढी. रंगाची कोरडी भुकटी कागदावर घासून साधलेल्या छाया हे त्याचे खास काम. बाबूराव पेंटरांना तो गुरुस्थानी मानी. आपली चित्रे आपल्यामागे विखुरतील ही शंका त्याला आली असावी. त्याने हयातीतच घर चित्रांसकट शासनाच्या स्वाधीन केले. खोल्या लहान आहेत, दरबारी थाट नाही. पाहुणा दार उघडून आत येतो आणि भिंतींवरची झाडे, डोंगर, पाणी पाहून जातो.

संग्रहालयाची वेळ संपल्यावरही थोडा दिवस हाती राहतो. राजारामपुरीहून कोटितीर्थ दूर नाही. गाडी तिकडे वळवावी. तेथे पाहावयास चित्र एकही नाही. मावळतीचा उजेड तळ्यावर पडलेला असतो, आणि आबालाल जे रंगवीत बसे ते पाणी अजून तेथे आहे.