बियाण्याचे कूळ

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



माझ्यासारख्या केवळ मॅट्रिक झालेल्या निवृत्त शिक्षकास आपण या व्यासपीठावरून बोलण्याचा मान दिलात, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी कृषिशास्त्रज्ञ नव्हे. परंतु माझे बालपण मंगळवेढ्याच्या काळ्या रानात गेले आणि ज्वारीच्या भाकरीवर हा देह पोसला. त्या ज्वारीच्या बियाण्याविषयी चार शब्द बोलावेत, अशी माझी इच्छा आहे.

काढणीच्या आठ दिवस आधी आई मला घेऊन रानात जात असे. ज्या ताटाचे कणीस भरदार, दाणा टपोरा आणि ज्यावर काणीचा लवलेशही नाही, अशा ताटास ती चिंधी बांधी. ती कणसे खळ्यावर जात नसत. ती निराळी मळून, राख व कडुनिंबाचा पाला घालून, दाणे मडक्यात ठेवले जात. पुढील पेरणी त्याच दाण्यांची. आईला अक्षरओळख नव्हती. परंतु शास्त्रज्ञ ज्यास निवड पद्धत म्हणतात, तीच ती आचरीत होती.

शास्त्रानेही आरंभ येथूनच केला. १९३० नंतरच्या दशकात मोहोळ येथे शेतकऱ्यांच्या मालदांडी ज्वारीतून उत्तम ताटे निवडून 'मालदांडी ३५-१' हा वाण सिद्ध करण्यात आला. रब्बीची ज्वारी पाऊस सरल्यावर जमिनीत मुरलेल्या ओलीवरच वाढते. त्या तुटपुंज्या ओलीवर तग धरून शुभ्र दाणा आणि गुरांना आवडणारा कडबा देणारा हा वाण अद्यापि पेरला जात आहे. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीस भौगोलिक मानांकन लाभले, त्याचे मूळ या मालदांडीतच आहे.

पुढे १९६४ साली 'सीएसएच-१' हा संकरित ज्वारीचा आपल्या देशातील पहिला वाण आला. दोन भिन्न वाणांच्या संकरातून निपजलेल्या पहिल्या पिढीत विलक्षण जोम असतो. देशात धान्याची टंचाई असता या संकरित वाणांनी खरिपाचे उत्पन्न वाढविले, हे उपकार विसरणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु त्याच पिकाचे दाणे पुन्हा पेरले, तर पुढील पिढी एकसारखी येत नाही. कोणते ताट उंच, कोणते खुजे. म्हणून बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. हळूहळू घरोघरची बियाण्याची मडकी रिकामी झाली.

कोणी म्हणेल, उत्तम वाण बाजारात मिळत असता जुन्याची मातब्बरी कशाला? याचे उत्तर असे, की एकदा सुधारलेले बियाणे कायमचे सुधारले, असे कधीच होत नाही. रोग बदलतात, कीड बदलते, पाऊस आपली वेळ चुकवितो. राहुरी आणि परभणी येथील कृषी विद्यापीठांतील संशोधकांनी 'फुले वसुधा', 'परभणी मोती' असे वाण दिले; तरी खोडमाशी, खडखड्या आणि अवर्षण यांच्याशी त्यांचा झगडा चालूच आहे. निवड करणारा कितीही कुशल असो, निवडण्यास विविधता नसेल तर तो काय निवडणार? ती विविधता शेतकऱ्यांच्या जुन्या वाणांत असते.

हैदराबादजवळ पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय संस्थेच्या शीतगृहात ज्वारीचे सुमारे ४०,००० नमुने जतन केलेले आहेत. ही मोठी ठेव होय. परंतु शीतगृहातील दाणा झोपलेला असतो; दरवर्षीचे ऊन, वारा व कीड त्यास शिकवीत नाहीत. ते शिक्षण शेतातच मिळते. चंद्रपूर जिल्ह्यातील दादाजी खोब्रागडे यांचे शालेय शिक्षण अल्प आणि जमीनही थोडी. पण १९८३ साली भाताच्या शेतात त्यांना काही निराळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी जपल्या, वर्षानुवर्षे निवडल्या आणि त्यांतून 'एचएमटी' हा प्रसिद्ध तांदूळ जन्मास आला.

आता माझा अपराध सांगतो. आमच्या घरी लाह्यांसाठी एक निराळी ज्वारी होती. घरात तिला नुसते 'लाह्यांची' म्हणत. आई गेली त्या वर्षी मी नोकरीच्या गावी होतो. घर आवरताना ते मडके मी उपडे केले, दाणे कोंबड्यांपुढे टाकले आणि मडके धुऊन ठेवले. निवृत्तीनंतर ती ज्वारी मी गावभर शोधली. कोणाकडेही उरली नव्हती. मुलांना आयुष्यभर व्याकरण शिकविले. पण आईचे अक्षर मीच पुसून टाकले.

बंधुभगिनींनो, आपल्या वधूवर मेळाव्यात आपण कूळ किती बारकाईने विचारतो! बियाण्याचे कूळ मात्र कोणी विचारीत नाही. माझी विनंती एवढीच, की पुढील संमेलनास येताना गावाकडील प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरच्या जुन्या बियाण्याची एक ओंजळ आणावी. पुडीवर वाणाचे नाव, गाव आणि ते राखणाऱ्या माउलीचे नाव लिहावे. ज्यांची शेती आहे, त्यांनी ते निदान चार ओळी पेरावे. कारण डब्यात ठेवलेले बीज दोन-चार वर्षांत उगवणशक्ती गमावते. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्यास आपले बियाणे राखण्याचा, देण्याघेण्याचा आणि आपल्या वाणाची नोंदणी करण्याचाही हक्क दिला आहे. हक्क आहे, ओंजळ मात्र आपणच भरावयाची आहे.

पहिली पुडी मी आणली असती. पण माझे मडके रिकामे आहे. आपली तशी होऊ नयेत, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.