उत्तरेच्या बंदरास कधी जावे?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बेळ्ळंदूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आपण कोणत्या विषयावर बोलाल, असे चिटणिसांनी आम्हांस विचारले, तेव्हा साहित्य, संगीत व नाट्य हे तिन्ही प्रांत आम्ही अधिकारी व्यक्तींसाठी मोकळे सोडले. आम्ही साधे पदवीधर. केंद्र सरकारच्या सेवेत नियम वाचण्यात आणि त्यांवर टिपणे लिहिण्यात आमची तीस वर्षे गेली. तेव्हा ज्यात नियम आहेत आणि जिव्हाळाही आहे, असा विषय आम्ही शोधला. तो मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमानंतर चहाच्या वेळी कोणी ना कोणी काढीतच असते. मुलगा वा मुलगी स्वीडनला आहे, नॉर्वेला आहे, फिनलंडला आहे. भेटीला जायचे आहे. तर कधी जावे, आणि त्यासाठी काय काय लागते?

मंडळ स्थापन झाले त्या काळी बेळ्ळंदूर हे एका विशाल तळ्याकाठचे खेडे होते. आज येथल्या बाह्य वर्तुळमार्गावर जगभरच्या कंपन्यांच्या कचेऱ्या उभ्या आहेत, आणि त्या कचेऱ्यांतूनच आपली मुले परदेशी जातात. बंगळूरच्या परिवहन संस्थेने २००६ साली 'वज्र' नावाच्या वातानुकूलित गाड्या रस्त्यावर आणल्या, त्या व्होल्वोच्या होत्या. ही व्होल्वो १९२७ साली स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरील गोथेनबर्ग शहरात जन्मास आली, आणि तिच्या बसगाड्या २००१ पासून आपल्या शेजारच्या होसकोटे येथे तयार होऊ लागल्या. गाड्या तिकडून इकडे आल्या, मुले इकडून तिकडे गेली. आमची कन्या व जावईही याच गोथेनबर्गला असतात. म्हणून आजचे विवेचन आम्ही त्या शहराच्या आधाराने करणार आहोत. त्यातील बहुतेक नियम अन्य नॉर्डिक शहरांनाही लागू पडतात.

गोथेनबर्ग हे १६२१ साली राजा दुसरा गुस्ताव आडॉल्फ याने सनद देऊन वसविलेले बंदर. स्वीडनच्या ईस्ट इंडिया कंपनीचे ठाणे १७३१ पासून १८१३ पर्यंत येथेच होते. तिची बहुतेक जहाजे चीनकडे जात. परंतु १७५० साली निघालेले एक जहाज आपल्या सुरतेसही आले होते. लिनियस या थोर वनस्पतिशास्त्रज्ञाचा शिष्य उलोफ तुरेन हा त्यावर धर्मोपदेशक होता, आणि त्याने सुरतेचे वर्णन पत्रांतून गुरूस कळविले. त्या जहाजास परत पोहोचावयास १७५२ साल उजाडले. 'कधी निघावे' हा प्रश्न त्या खलाशांनाही होता, आणि त्याचे उत्तर मोसमी वारे देत. आज विमान एका दिवसात नेऊन पोहोचविते. तरी प्रश्न सुटलेला नाही. आमच्या मते आता निघण्यापूर्वी तीन पंचांगे पाहावी लागतात : एक आकाशाचे, दुसरे कागदपत्रांचे आणि तिसरे घराचे.

प्रथम आकाशाचे. बंगळूर विषुववृत्तापासून तेरा अंश उत्तरेस आहे, गोथेनबर्ग जवळजवळ अठ्ठावन्न अंश. आपल्याकडे मोठ्यात मोठा व लहानात लहान दिवस यांत दीड तासाचे अंतर असते. तेथे जूनच्या अखेरीस दिवस सुमारे अठरा तासांचा, तर डिसेंबरात साडेसहा तासांचा असतो. मे महिन्यात झाडे पालवतात. १९ ते २५ जूनच्या दरम्यान येणाऱ्या शुक्रवारी मध्य-उन्हाळ्याचा सण असतो. त्या दिवशी दुकाने लवकर बंद होतात व नगरवासी गावाकडे जातात. जुलै हा सुट्टीचा महिना. तेथल्या कायद्याने नोकरदारास वर्षाला किमान पंचवीस दिवसांची रजा मिळते, आणि त्यांपैकी चार आठवडे जून ते ऑगस्ट या काळात सलग घेण्याचा त्यास हक्क असतो. मुलांना आपल्याबरोबर हिंडावयास सवड हवी असेल, तर हाच काळ योग्य. दुपारी वीस-बावीस अंश उष्णता असते, आणि दक्षिणेकडील द्वीपसमूहास जाणाऱ्या नावांतून भटकता येते. त्या बेटांवर मोटारी नाहीत. आपल्या माथेरानची आठवण व्हावी अशी शांतता तेथे असते.

सप्टेंबर-ऑक्टोबरात पानांना रंग चढतो, पण पाऊस आणि वारा सुरू होतो. नोव्हेंबरात दुपारी चारलाच अंधार पडतो. डिसेंबरात घरोघरी खिडक्यांत कागदी तारे व दिवे लागतात, आणि १३ तारखेस लुसियेचा सण होतो. डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घेतलेली मुलगी पुढे व मागे गाणारी मुले, असे त्याचे रूप. जानेवारी-फेब्रुवारीत तापमान शून्याच्या आसपास असते. तेथील थंडी जाड कोटाने भागते. वयस्क माणसास खरे भय असते ते पदपथावर गोठलेल्या बर्फावरून घसरण्याचे. बुटांखाली बांधावयाचे खिळ्यांचे पट्टे तेथे मिळतात. ते पहिल्याच दिवशी घ्यावेत.

आता कागदपत्रांचे पंचांग. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंड व आइसलंड हे पाचही देश २५ मार्च २००१ पासून शेंगेन व्यवस्थेत आहेत. एकाच व्हिशावर पाचही देशांत जाता येते. अर्ज मात्र जेथे मुख्य मुक्काम आहे त्या देशाकडे करावयाचा. वाटेत फ्रँकफुर्टला उतरून तेथे पासपोर्टची तपासणी झाली, तरी ऐंशी दिवस गोथेनबर्गला राहणाऱ्याने स्वीडनकडेच अर्ज करावा. अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांपासून करता येतो, आणि पंधरा दिवसांहून कमी मुदत उरली असता करू नये. निर्णयास साधारणपणे पंधरा दिवस लागतात, पण ही मुदत पंचेचाळीस दिवसांपर्यंत वाढू शकते. उन्हाळ्यापूर्वी सर्वांचेच अर्ज येतात. जूनमध्ये जाणाऱ्याने फेब्रुवारीत कागद जमवू लागावे, हे बरे.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन पाने कोरी असलेला हवा. वैद्यकीय विमा किमान तीस हजार युरोंचा, साऱ्या शेंगेन प्रदेशास लागू असा हवा. मधुमेह वा रक्तदाब असलेल्यांनी आधीपासूनच्या आजारांविषयीचे कलम वाचल्यावाचून पैसे भरू नयेत. मुलांनी निमंत्रणाचा अर्ज भरून पाठवावयाचा असतो व तेथील करखात्याकडून नोंदणीचा उतारा जोडावयाचा असतो. बँकेचे उतारे, प्राप्तिकराची विवरणपत्रे व परतीच्या तिकिटाचे आरक्षण ही आपल्या बाजूची कागदपत्रे. जून २०२४ पासून प्रौढांस व्हिशाचे शुल्क नव्वद युरो आहे. सहा वर्षांखालील बालकांस ते नाही. तीन वर्षांत दोन व्हिसे मिळवून ते नियमाप्रमाणे वापरलेल्या भारतीयांस दोन वर्षांचा, व पुढे पाच वर्षांचा बहुप्रवेशी व्हिसा देण्याचे धोरण एप्रिल २०२४ मध्ये स्वीकारले गेले. म्हणून पहिल्या दोन भेटींत तारखांची शिस्त काटेकोर पाळावी. तिचे फळ पुढे मिळते.

सेवेत असलेल्या आमच्यासारख्यांना आणखी एक पायरी चढावी लागते. खाजगी कारणासाठी परदेशी जावयाचे असले, तरी खात्याची पूर्वपरवानगी लागते. खर्च कोण करणार, हेही लिहून द्यावे लागते. वर्षाला तीस दिवस अर्जित रजा जमा होते, आणि प्रवाससवलत परदेशास लागू नाही. परवानगीचा कागद हाती आल्याशिवाय तिकिटाचे पैसे गुंतवू नयेत, हे आम्ही आमच्या सर्व कनिष्ठ सहकाऱ्यांना सांगत असतो.

या साऱ्यांत महत्त्वाचा नियम नव्वद दिवसांचा. कोणत्याही एकशे ऐंशी दिवसांत नव्वदच दिवस शेंगेन प्रदेशात राहता येते, आणि पोहोचण्याचा व निघण्याचा, दोन्ही दिवस त्यात धरले जातात. पूर्वी पासपोर्टवरील शिक्के मोजावे लागत. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे व चेहऱ्याचे छायाचित्र घेऊन यंत्रात नोंद करण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. तेव्हा एका दिवसाची चूकही यंत्र विसरत नाही. नव्वदहून अधिक दिवस राहावयाचे असेल, तर स्वीडनचा निराळा अभ्यागत-परवाना लागतो आणि त्यासाठी फार आधी अर्ज करावा लागतो.

हा हिशोब बाळंतपणास जाणाऱ्या मातांनी विशेष लक्षात ठेवावा. समजा, प्रसूतीची तारीख १० नोव्हेंबर आहे. आई धावपळ करून १ ऑक्टोबरला पोहोचली, तर २९ डिसेंबर हा तिचा नव्वदावा दिवस. त्यांतले चाळीस दिवस वाट पाहण्यात गेले, आणि ऐन थंडीत, बाळ दीड महिन्याचे असताना तिला निघावे लागणार. नव्याने सलग नव्वद दिवस राहावयाचे तर ३० मार्च उजाडावा लागतो. तीच आई ऑक्टोबरच्या अखेरीस गेली, तर जानेवारीच्या शेवटापर्यंत, म्हणजे अंधाराचा कठीण काळ संपेपर्यंत राहू शकते. स्वीडनमध्ये आईबापांस मिळून अपत्यामागे ४८० दिवसांचा पालकभत्ता आहे, आणि १ जुलै २०२४ पासून त्यांतले काही दिवस आजी-आजोबांच्याही नावे करता येतात. पण ते तेथील सामाजिक विम्यात असले पाहिजेत. व्हिशावर गेलेल्या मराठी आजीच्या वाट्यास तो भत्ता नाही. तिच्यापाशी आहेत ते हे नव्वद दिवसच.

शिदोरीविषयीही दोन शब्द. दुधाचे पदार्थ व मांस युरोपीय संघाच्या सीमेतून प्रवाशास नेता येत नाही. म्हणजे साजूक तूप, पेढे, खवा घरीच ठेवावेत. हापूसच्या पेट्या आणि कढीपत्ता यांनाही वनस्पती-आरोग्याच्या दाखल्याशिवाय प्रवेश नाही. नारळ, केळी, अननस व खजूर यांना मात्र या दाखल्याची सूट आहे. तेव्हा गोडा मसाला, मेतकूट, डिंक व खारीक न्यावी आणि तेथल्या लोण्याचे तूप कढवून लाडू तेथेच वळावेत. आमच्या सौभाग्यवतींनी तसेच केले, आणि लाडवांत काही उणे पडले नाही.

राहिले घराचे पंचांग. आम्ही उभयता गोथेनबर्गला दोनदा गेलो. एकदा जूनमध्ये व एकदा नोव्हेंबरात. जूनमध्ये कन्येने आम्हांस सारे शहर हौसेने दाखविले. रात्री दहाला ऊन पडलेले पाहून आम्ही थक्क झालो, छायाचित्रे काढली आणि सर्वांना पाठविली. नोव्हेंबरात छायाचित्र काढण्याजोगे काही नव्हते. मुलगी अंधारात कामास जाई आणि अंधारातच परत येई. चौथ्या-पाचव्या दिवशी ती सहज म्हणाली, "बाबा, ट्राममधून उतरले की आपल्या खिडकीत दिवा दिसतो. एरवी तो मीच येऊन लावते." जूनमध्ये ती हे बोलली नसती, जूनमध्ये दिवा लागतच नाही.

परंतु येथेच दुसरी बाजू सांगितली पाहिजे. आमच्या मातोश्री कोल्हापुरास असतात. वय शहाऐंशी. त्यांच्याकडे पासपोर्ट नाही आणि एवढ्या लांबच्या प्रवासाची शक्तीही नाही. आमच्या वयाच्या येथल्या अनेकांची हीच स्थिती आहे. एक दिवा उत्तर समुद्राकाठी लावावयाचा आहे आणि एक पंचगंगेकाठी जपावयाचा आहे. परदेशातील नव्वद दिवस हे येथून दूर राहण्याचेही नव्वद दिवस असतात, आणि त्यांचा हिशोब कोणताही दूतावास ठेवीत नाही. म्हणून आम्ही असे ठरविले की, दोघांनी मिळून सारी मुदत तेथे घालवावयाची नाही. सौभाग्यवती ऐंशी दिवस राहिल्या. आम्ही तीन आठवड्यांनी परतलो आणि उरलेली रजा कोल्हापुरास घालविली. मातोश्रींनी नातीच्या घरातील प्रत्येक खोलीची चौकशी केली, आणि शेवटी विचारले, "तिथं तुळस जगते का रे?" खिडकीशी, दिव्याखाली जगते, असे आम्ही सांगितले.

तेव्हा श्रोतेहो, ज्यांस शहर पाहावयाचे आहे त्यांनी मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत जावे. यात दुमत नाही. प्रथम जाणाऱ्या जोडप्यानेही हाच काळ निवडावा. नव्या जागेची भीती उजेडात लवकर मोडते. ज्यांनी उन्हाळा एकदा पाहिला आहे, त्यांनी पुढील भेट दिवाळीच्या सुमारास योजावी. आपल्याकडे कार्तिकात आकाशकंदील लागतात, त्याच दिवसांत त्या मुलखात दिव्याची खरी गरज असते. जाण्यापूर्वी मुलांना 'तुम्हांला सुट्टी कधी आहे' असे तर विचारावेच; पण 'तुम्हांला कठीण कोणते महिने जातात' हेही विचारावे. उत्तर लगेच मिळणार नाही. थोडे थांबून पुन्हा विचारावे.

आणि ज्यांना जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी एक सूचना. उन्हाळ्यात तेथली घड्याळे आपल्या साडेतीन तास मागे असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत हे अंतर साडेचार तासांचे होते. नोव्हेंबरात आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजतात, तेव्हा तेथे पाच वाजलेले असतात आणि पोर अंधारातून घराकडे निघालेले असते. दूरध्वनी करावयाचा तो त्या वेळी करावा. त्यास व्हिसा लागत नाही.

मंडळाने पन्नास वर्षे या परमुलखात आपल्या सर्वांसाठी हेच केले. संध्याकाळी कोठेतरी मराठी दिवा लावून ठेवला. त्या कार्यास शतायुष्य चिंतून आम्ही आपली रजा घेतो.